रिकाम्या खुर्चीला रामराम

दगडूनाना सरकारी हापिसात गेले आणि साहेब जागेवर नसले, तर ते साहेबांच्या खुर्चीला रामराम घालतात. नुसता हात वर करून नव्हे. आधी वहाणा दाराशी काढायच्या, टोपी सारखी करायची, कमरेत वाकायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "रामराम साहेब!" मग समोरच्या बाकड्यावर बसून त्या खुर्चीला आपलं काम पहिल्यापासून सांगायचं. मधेमधे "बरं का साहेब" पण म्हणायचं. सांगून झालं की परत एक रामराम, आणि वहाणा घालून बाहेर.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा चळला. मला पण तसंच वाटलं होतं. माझं केजला तहसीलसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, सगळं माझ्याकडं होतं. या तालुक्यात ज्याला सरकारला काही सांगायचं असतं त्याला आधी मंगलताईला सांगावं लागतं, आणि मंगलताई म्हणजे मी. त्यामुळे तऱ्हेवाईक माणसांची माझ्याकडं वानवा नाही. पण नाना ते नानाच. एकदा मी विचारलंच, "नाना, माणूस नसताना खुर्चीला कशाला रामराम घालता ओ?"

"पोरी, साहेब आज हाय, उंद्या बदलून जातो. खुर्ची हितंच ऱ्हाती. वळख कुणासंगं ठिवावी?"

घ्या.

नाना आमच्या केजपासून जीपनं अर्ध्या तासावर असलेल्या वाडीचे. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, इस्त्रीची टोपी. जीपमध्ये कायम ड्रायव्हरच्या शेजारी बसणार, कारण "फुडं बसल्याबिगर कारभार कळत न्हाई." बायको, सरूकाकू, वारल्या, लेक पुण्याला कंपनीत, घरात एकटा जीव. शेती आहे, पण नानांचं खरं काम सोयरिकी जमवण्याचं. आमच्या भागात निम्म्या घरांत तरी नानांनी जमवलेली सून नांदत असेल. मोबदला म्हणून काही घेत नाहीत. लग्नात मानाचा फेटा बांधून घ्यायचा आणि पहिल्या पंगतीला बसायचं, एवढंच. नुसती हिंदूंचीच लगीनकार्यं असं पण नाही. चौकात मोसंबीचा गाडा लावतात त्या चांदभाईंच्या लेकीला अंबाजोगाईचं घर नानांनीच सुचवलं. आज ती पोरगी सोन्यासारखी नांदतीय.

तर असे हे नाना काही वर्षांपूर्वी एका बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात आले, खुर्चीवर बसले, आणि म्हणाले, "पोरी, पंतप्रधानाला कागद धाडायचाय."

मी म्हणाले, "आता कागद नसतो नाना, ऑनलाइन असतं. काय तक्रार आहे?"

"तक्रार कावून आसंल? सल्ला हाय. माणसं नेमायला चुकायलेत ते."

तेव्हापासून दर बाजाराला नाना देशाच्या नेमणुकांवर सल्ला सांगतात आणि मी टाइप करते. त्यांचा पहिला सल्ला मला अजून पाठ आहे. "साहेब, तुमी सचिव नेमिता ते कागदं बघून. हे चुकीचं हाय. आमी हितं जावई बघताना बायोडाटा चुलीत घालतो. न सांगता घरी जातो. पाण्याचा तांब्या कोण आणतंय ते बघतो. सोता पोरगा आणत आसंल तर निम्मी पसंती तिथंच. मग गोठा बघतो. ज्याच्या बैलाच्या पाठीवर वळ, त्याला पोरगी न्हाई. तुमी बी त्याला खातं देऊ न्हाई."

"नाना, दिल्लीत गोठे नसतात."

नानांनी जरा विचार केला. "मग ड्रायव्हरला इचारावं म्हणून लिव्ह. ड्रायव्हर म्हंजी साहेबाचा बैलच की."

मी लिहिलं. काय करणार, नानांच्या पुढं कुणाचं चाललंय?

राज्यपाल नेमताना मामकूळ बघावं. परदेशाचं खातं सांभाळणाऱ्याचं सासुरवाडीशी पटत असावं, कारण ज्याला चार मेव्हणे सांभाळता येत नाहीत त्याला चार देश काय सांभाळता येणार. रिटायर झालेल्या साहेबाला परत त्याच जागेवर बसवू नये. त्याचं कारण नानांनी असं लिहायला लावलं, की घरात नातू लग्नाचे झालेत आणि तुम्ही आज्याला बाशिंग बांधायला निघालात. आणि नव्यानं नेमलेल्या झाडून सगळ्या साहेबांना एकदा आमच्या नारायणगडाच्या यात्रेला आणावं आणि पंगतीत बुंदी वाढायला लावावी. "जो वळखीच्याला वगराळं भरून वाढतो आन् बिनवळखीच्याला चिमटीनं, त्याला वाटपाचं खातं देऊ नका. माझा शब्द ऱ्हायला."

पण नानांचा सगळ्यात आवडता, परत परत येणारा मुद्दा एकच. एका माणसाकडं दोन-तीन जागांचा कारभार द्यायचा नाही. या 'अतिरिक्त चार्ज'वर नानांचा भयंकर राग. "दोन घरं करणाऱ्या गड्यावाणी हाय हे, साहेब. ही म्हणती तिकडं जेवला आसंल, ती म्हणती हिकडं जेवला आसंल. दोन्हीकडची चूल इझलेली." एवढं सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि मग ते पाणी मागायचे.

अडचण अशी होती की त्या सरकारी साइटवर ठरावीक अक्षरंच बसतात. आणि नानांचा निम्मा मजकूर तर खुशालीतच जायचा. "घरचे समदे बरे आसतील. दिल्लीला थंडी लई पडलीय म्हणत्यात, कानाला बांधीत जावा." मी म्हणायची, "नाना, हे काढू का? सल्ला बसत नाही." तर चिडायचे. "आगं, खुशाली न इचारता सल्ला देतात व्हय? बिनसंस्काराचं वाटतं ते. सल्ला बारका कर, कान ऱ्हाऊ दे."

पाठवलं की लगेच मशीनचं उत्तर यायचं. आपली सूचना प्राप्त झाली, आभार. दर वेळी तेच, काना-मात्रेचा फरक नाही. पण नाना दर वेळी मला ते मोठ्यानं वाचायला लावायचे.

"काय म्हणत्यात?"

"मिळालं म्हणतात."

"फुडं?"

"पुढं काही नाही."

"बघ, म्हंजी इचार चाललाय. पोरी, नकार द्यायचा आसला की त्याच दिशी निरोप येतो. होकाराला येळ लागतो. चार माणसात बोलावं लागतं त्यान्ला."

शेजारी बालूचं चहाचं हॉटेल. तिथं टीव्हीवर कुणाची नेमणूक दाखवली की बालू मुद्दाम हाळी देतो, "नाना, या, तुमचा माणूस लागला बघा!" मग नाना चष्मा लावून त्या फोटोकडं बघतात, मुलीचा फोटो बघतात तसा, लांब धरून, जवळ धरून. टीव्ही लांब-जवळ करता येत नाही म्हणून स्वतःच पुढं-मागं होतात. "मी सुचिवलावता त्यो न्हाई ह्यो. पण चालंल. कपाळ बरं हाय. हसू मातर दाबून ठिवलंय, घरात सासूचं चालत आसंल." सगळं हॉटेल खदखदतं, आणि नाना मात्र गंभीर.

यातच नानांनी वाडीतल्या घरावर माडी बांधायला काढली. एकट्या माणसाला माडी कशाला? लोकांच्या जिभेला काय हाड असतं? बालूनं जाहीर करून टाकलं, की सगळ्यांच्या सोयरिकी जमवणारे नाना आता स्वतःची जमवायलेत. मी त्याला गप्प बसवलं. पण खरं सांगू, मला पण शंका होतीच. कारण एक दिवस नानांनी सल्ला सांगता सांगता मधेच विचारलं, "पोरी, बायामाणसाला आरसा केवढा लागतो गं?"

माझा हात कीबोर्डवरच राहिला. "कशाला नाना?"

"लावायचाय माडीत. आन् एकटीला गिझर केवढा पुरंल?"

"कोण येणार आहे नाना?"

नाना लाजले. देवाशप्पथ लाजले. "येणारी आली म्हंजी कळंलच की," म्हणाले आणि टोपी काढून परत घातली. मी त्यांना बारका गिझर पुरेल म्हणून सांगितलं, आणि मनात म्हटलं, असू दे बाई, या वयात सोबत लागतेच की माणसाला.

आणि मग तो फोन झाला.

डोकं बालूचं. नानांना दिल्लीचा फोन लावायचा असं त्यानं ठरवलं. पण दिल्लीच्या साहेबासारखं हिंदी बोलणार कोण? चांदभाई एकदा मोसंबीच्या ट्रकबरोबर दिल्लीला जाऊन आलेले, म्हणून आमच्या चौकात दिल्लीचे जाणकार तेच. आता त्यांचं हिंदी म्हणजे आपलं इथलंच, 'कैकू' आणि 'नक्को'वालं. पण बालू म्हणाला, चालतं. चांदभाई आधी नाही म्हणत होते. मग त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला घडीभर बरं वाटेल, जातंय काय.

मला हे कळलं तेव्हा नाना माझ्यासमोर बसलेले, सल्ला अर्धा झालेला. बालू दारातून डोळा मारून म्हणाला, "ताई, आता गंमत बघा." मी म्हणाले, "बाल्या, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करशील तर तुझा एक दाखला मी काढून देणार नाही, सांगून ठेवते." पण तेवढ्यात नानांचा फोन वाजलाच. नानांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"हॅलो, दगडूनाना बोलरैं क्या? मैं दिल्ली से बोलरौं. पंतप्रधान साब के हापिस से."

नाना उठून उभे राहिले. वहाणा काढल्या. टोपी सारखी केली. आणि टेबलावरच्या फोनला वाकून म्हणाले, "रामराम साहेब! घर में सब खुशाल है ना?"

"हौ हौ, सब खुशाल," दिल्ली म्हणाली. "नाना, तुमारे सलाह साब कू भोत पसंद आये. वो बैल का तो भोतीच. साब बोले, नानाकूच सल्लागार करना. इधर एक कुर्सी खाली है. बैठते क्या बोलो."

दारात आता सगळं हॉटेल जमलं होतं. तोंडावर हात, खांदे हलायलेले. मी डोळे वटारले तरी कुणी हलेना. आता नाना हरखून हो म्हणणार, ही माणसं फुटणार, आणि उद्यापासून या म्हाताऱ्याला चौकात तोंड दाखवता येणार नाही.

नाना म्हणाले, "कुर्सी खाली है? कवापासून?"

दिल्लीनं याची तयारी केली नव्हती. "अं... है थोडे दिनां से."

"मग भरा की लवकर. पन मला बसवू नका. आज्याला बाशिंग बांधू नका म्हणून म्याच लिव्हलंय, आन् मीच बांधून घिऊ व्हय?"

दारात एक हशा झाला. चांदभाईंना पण तिकडं बरं वाटलं असावं. ते जोरात म्हणाले, "तो फिर दूसरा नाम बोलो नाना. तुम बोलेंगे उसकूच बिठाते. साब पूछरैं."

नाना हळूच खाली बसले. मग सावकाश बोलायला लागले.

"माझ्याकडं नाव न्हाई. जागा हाय. आमच्या वाडीच्या दवाखान्यात डाक्टरची खुर्ची हाय, फिरती, चांगली. तिच्यावर माणूस न्हाई. येक डाक्टर हायेत, पन त्यांच्याकडं तीन गावचा चार्ज. त्यांचा काय दोस? आमच्या सरूच्या छातीत दुखाय लागलं तवा तिला घिऊन गेलतो. खुर्चीच्या पाठीवर टावेल व्हता. पंखा चालू व्हता. म्हणलं, आत्ताच उठले आसतील, येतील. शिपाई जीप बघाया पळाला. सरूला डोळ्यापुढं अंधारी आलती, नीट दिसत नव्हतं. मला म्हणली, 'आवं, साहेबाला सांगा की कायतरी.'"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता तिला काय सांगू, साहेब न्हाई म्हणून? मी वाकलो. म्हणलं, 'रामराम साहेब.' म्हणलं, 'मंडळीच्या छातीत दुखतंय, घाम आलाय, डाव्या हाताला कळ हाय.' समदं सांगितलं खुर्चीला. मधीच म्हणायचो, 'बरं साहेब, व्हय साहेब.' तिला वाटलं डाक्टर हाय. माझा हात घट धरलावता, त्यो सैल केला तिनं. म्हणली, 'सांगितलंत नव्हं समदं? मग बरं.' जीप आली, पन सरू वाटंतच गेली. पन घाबरून न्हाई गेली, साहेब. डाक्टरला दाखवून गेली."

दारात कुणी हसत नव्हतं. बालू खाली बघत खांद्यावरच्या फडक्यानं उगाच हात पुसत होता. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं पण नाही.

नाना फोनशी बोलतच होते, आता जरा हुरूपानं. "डाक्टर ऱ्हात न्हाईत, जागा न्हाई म्हणत्यात. तर म्या माडी काढलीय बांधून. नळ हाय, लाईट हाय. लेडी डाक्टर आली तर आरसा मोठा बसिवलाय. गिझर हाय. सैपाकाला बाई बघून ठिवलीय, हाताला चव हाय तिच्या. पोरीची जात, परक्या गावात भेईल, म्हणून दाराला आतून दोन कड्या लावल्यात. तुमी निस्ती धाडा. सून नांदवावी तशी नांदवू साहेब. तक्रारीला जागा ठिवणार न्हाई."

मग फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "लिख लिया," दिल्ली म्हणाली. तिचा आवाज पार चिरकला होता. "सब लिख लिया नाना."

तोच आवाज रस्त्यापलीकडच्या मोसंबीच्या गाड्यामागून पण आला. सगळ्यांनी तिकडं बघितलं. नानांनी नाही बघितलं.

"लिव्हा चांदभाई," ते फोनला म्हणाले. "नीट लिव्हा. गिझर इसरू नका."

चांदभाई गाडा तसाच टाकून रस्ता ओलांडून आले. हातात मोसंबी तशीच होती. नानांच्या समोर उभे राहिले. "नाना, माफ करो. कबसे पैचाने?"

"हॅलो म्हणलास तवाच. तुझ्या लेकीसाठी तुझ्यासंगं गावंच्या गावं हिंडलोय मी. आवाज वळखंना व्हय मला तुझा?"

"तो फिर बोले कैकू?"

नाना टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "आजपातूर कुणी इचारलंच न्हवतं बे. तू इचारलंस. म्हणलं, इचारायलाय तर सांगावं."

चांदभाईंनी ती मोसंबी सोलली आणि नानांच्या हातात दिली. नानांनी निम्मी खाल्ली, निम्मी मला दिली, आणि मला म्हणाले, "कुठवर आलतो आपण? लिव्ह फुडं."

पुढच्या आठवड्यात आम्ही बीडला गेलो. नाना, चांदभाई, हॉटेल बंद ठेवून बालू, आणि शटर ओढून मी. डॉक्टरांच्या नेमणुका जिल्ह्याच्या ज्या हापिसातून होतात तिथं थेट जाऊन बसायचं असं चांदभाईंनी ठरवलं होतं. नाना अर्थातच पुढच्या सीटवर. वाटेत त्यांनी जीपच्या ड्रायव्हरची सगळी चौकशी केली, त्यानं एका म्हातारीसाठी गाडी थांबवली ते बघितलं, आणि मागं वळून मला म्हणाले, "ह्येचं नाव लक्षात ठिव. रस्त्याच्या खात्याला सुचवायचंय." ड्रायव्हर बिचारा लाजला. नंतर कळलं, त्याचं लग्न व्हायचं आहे. नानांनी त्याचा नंबर पण घेतला.

हापिसात पोचलो तर साहेबांची खुर्ची रिकामी. क्लार्क म्हणाला, "साहेबांकडं दुसरा पण चार्ज आहे. आज तिकडं आहेत. आले तर दुपारून येतील. उद्या या."

मला वाटलं, झालं. कशात काय आणि फाटक्यात पाय.

नानांनी दाराशी वहाणा काढल्या. टोपी सारखी केली. कमरेत वाकून मोठ्यानं म्हणाले, "रामराम साहेब!"

क्लार्क बघतच राहिला. तोवर चांदभाईंनी चपला काढल्या होत्या. "सलाम साब," ते खुर्चीला म्हणाले. मग बालूनं हात जोडले. मग मी जोडले.

"अहो, साहेब नाहीत म्हटलं ना," क्लार्क म्हणाला. "किती वेळ बसणार?"

"बसू की," नाना म्हणाले. "मागणी घालाया आलोय. मागणी घालणाऱ्यानं घाई करू न्हाई."

आम्ही चौघं बाकड्यावर दाटीवाटीनं बसलो. इतकी वर्षं नाना अशा हापिसात एकटेच बसत होते, आज त्यांना बाकड्यावर सरकून जागा करून द्यावी लागली. मग त्यांनी घसा साफ केला आणि खुर्चीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दवाखाना सांगितला, तीन गावचा चार्ज सांगितला, माडी सांगितली. सरूकाकूंवर आले तेव्हा मात्र टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं का साहेब," म्हणाले, आणि पुढं शब्दच येईना.

चांदभाईंनी नानांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि खुर्चीकडं बघून अदबीनं म्हणाले, "गिझर बी है, साब."